शेवट चुकलाय म्हणून सोलापूर

माणसं सोलापूरला चादरी आणायला जातात, देवदर्शनाला जातात, नाहीतर पुढे कुठेतरी जाताना गाडी बदलायला उतरतात. मी गेले ती भांडायला.

त्याचं असं झालं. युद्धावरून परत आलेल्या एका जवानावर मी कादंबरी लिहिली. तिच्यातली लढाई पहिल्या काही प्रकरणांत संपते आणि उरलेली सगळी पानं ती त्याच्या डोक्यात चालू राहते. चिपळूणच्या घरात बसून हे लिहायचं म्हणजे धाडसच होतं, पण मी माजी सैनिकांच्या घरी जाऊन बसले, मनाच्या डॉक्टरांचं डोकं खाल्लं, लिहिलेलं फाडलं आणि पुन्हा लिहिलं. शेवट तर माझा फार लाडका. माझा बाळकृष्ण गावी परततो, पिकलेल्या शेताच्या बांधावर एकटा बसतो, चहूकडे शांत असतं, आणि कित्येक वर्षांनी त्याला गाढ झोप लागते. हे वाचून रडल्याची पत्रं मला आली. दुसरी आवृत्ती काढायची ठरली आणि त्याच आठवड्यात सोलापूरहून एक पोस्टकार्ड आलं.

‘मॅडम, पुस्तक तीनदा वाचलं. सगळं खरं आहे. शेवट चुकलाय. अंकुश लोंढे, माजी हवालदार. सध्या चादरीचा कारखाना, सोलापूर.’

‘सगळं खरं आहे’ हे वाक्य मला दिसलंच नाही. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो हे आमच्या आळीत पोरांनाही ठाऊक आहे. सोलापूरच्या एका ग्रंथालयाचं वाचकभेटीचं आमंत्रण दोन महिने टेबलावर पडून होतं, ते त्याच दिवशी स्वीकारलं. प्रकाशकांना सांगितलं, दुरुस्त्या सोमवारी देते. मनात म्हटलं, दुरुस्ती कसली, त्या हवालदाराचंच मत दुरुस्त करून येते.

शुक्रवार, पूर्व भाग

जानेवारी होता, तरी सोलापूरच्या उन्हाला कुणी ते सांगितलेलं दिसलं नाही. ग्रंथालयाच्या शैलजाबाई मला न्यायला आल्या होत्या. बोलक्या, लगबगीच्या बाई. ‘‘आधी खाऊन घ्या की मॅडम, भांडण काय पळून जात नाही,’’ असं म्हणत त्यांनी मला थेट लोंढ्यांच्या घरीच नेलं. पूर्व भाग ही विणकरांची वस्ती. दुकानांच्या पाट्या मराठीतही आणि तेलुगूतही. रिक्षातून उतरताच पायाखालची जमीन थरथरते आहे असं वाटलं. गल्लीतल्या प्रत्येक दुसऱ्या दारामागे माग चालू होते. खट्‌खटाक्, खट्‌खटाक्. आमच्याकडे दुपारी झाडावरून नारळ पडला तरी चार घरं बाहेर येतात. इथे शेजारीण शेजारणीला पीठ मागते तेही ओरडून.

अंकुशराव पन्नाशीच्या आतबाहेरचे, उंच, दाराकडे तोंड करूनच बसणारे. त्यांच्या पत्नी सुमनबाई ठेंगण्या आणि हसऱ्या. दोन खोल्यांचं नीटनेटकं घर, आणि बाहेर एवढा गोंगाट असूनही कोपऱ्यात रेडिओ चालू.

ताटात कडक भाकरी, शेंगांची चटणी, दही आणि आमटी आली. तांदळाच्या मऊ भाकरीवर वाढलेली मी. भाकरी दिसली की तुकडा मोडायचा आणि तोंडात घालायचा, एवढंच मला माहीत. कडाक् असा आवाज झाला. भाकरी शाबूत होती, माझ्या दाढेतलं सिमेंट मात्र ताटात पडलं.

‘‘अवो, ती आमटीत कुस्करून खायाची असती की!’’ सुमनबाई पदर तोंडाला लावून म्हणाल्या. भांडायला आलेली बाई पहिल्याच घासाला दात पाडून बसली म्हटल्यावर मलाही हसू आवरेना. शेंगांची चटणी मात्र अशी होती की उरलेल्या दातांनी मी तिचा फडशा पाडला.

जेवण झाल्यावर अंकुशराव उठले आणि चहाला आधण ठेवलं. मी बघतच राहिले.

‘‘आमच्यात च्या हेच करत्यात,’’ सुमनबाई म्हणाल्या. ‘‘पल्टनीतनं सुटून आल्याला बारा वर्सं झाली, पन सुमन च्या टाक, असं एकडाव तोंडातनं निघालं न्हाई. पावनं येऊ द्या, ताप असू द्या, आपलं आपुन उटत्यात.’’

‘‘असा नवरा मिळायला भाग्य लागतं,’’ मी म्हणाले. आमच्या ह्यांना साखरेचा डबा कुठे असतो हे पस्तीस वर्षांत कळलेलं नाही, हेही सांगून टाकलं. अंकुशराव हसले नाहीत. कप विसळत राहिले.

चहा झाल्यावर मी विषयाला हात घातला. शेवटात चुकलं काय?

‘‘आज न्हाय,’’ ते म्हणाले. ‘‘उद्या रानात चला. दाविल्याबिगर तुमास्नी पटायचं न्हाय.’’ आणि कारखान्यातल्या पाळीची वेळ झाली म्हणून सायकल काढून निघून गेले.

मग सुमनबाई सरकून माझ्याजवळ बसल्या. त्यांनी जे सांगितलं त्यानंतर माझं भांडण तिथंच निम्मं विरघळलं.

एका पंधरा ऑगस्टला जवळच्या शाळेने अंकुशरावांना चार शब्द बोलायला बोलावलं होतं. आधी हुतात्म्यांसाठी दोन मिनिटं शांत उभं राहायचं होतं. पहिलं मिनिट सरायच्या आत हवालदारसाहेब मंचावरून उडी मारून फाटकाबाहेर पळाले. पोरं हसली, मोठी माणसं कुजबुजली. तेव्हापासून ते कुठल्या सभेला गेले नाहीत.

‘‘आन आता सोत्ता जाऊन शैलजाबाईस्नी सांगून आल्यात, आयतवारी तुमच्या कार्येक्रमात बोलनार म्हनून. तितं सरहद्दीवर काय झालं ते मला एका शब्दानं सांगितल्यालं न्हाय. तुमचं पुस्तक मी कशापायी वाचलं, ठावं हाय? ह्येंच्या डोस्क्यात काय चाललंय ते त्यात घावतंय का, ते बगाया.’’

‘‘मग? सापडलं का?’’

‘‘तुमच्या बाळकृष्णाचं घावलं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘माज्या मानसाचं न्हाय.’’

आजवर कुठल्या समीक्षकाने माझी इतकी नेमकी हजेरी घेतली नव्हती.

संध्याकाळी कारखाना पाहायला गेले. आत पाऊल टाकताच कानात कापूस कोंबावासा वाटला. एका सरळ रेषेत माग, त्यांतून सूत घेऊन इकडून तिकडे पळणारे धोटे, आणि खाली उतरत जाणाऱ्या चादरीवर एकेक करून उमटणारे मोर. मला स्वतःचा आवाज ऐकू येईना. पण माणसं गप्पा मारत होती! लांबवर उभा असलेला एकजण ओठ हलवायचा, दुसरा इकडे मान हलवून हसायचा. आवाज कुणी काढतच नव्हतं. शेजारच्या मागावरच्या एका वयस्क विणकराने माझ्याकडे पाहून ओठ हलवले. अंकुशरावांनी माझ्या कानाला जवळजवळ तोंड लावून ओरडून सांगितलं, ‘‘मामा इचारतोय, च्या झाला का!’’

हे नरसय्यामामा. गेली नऊ वर्षं त्यांचा आणि अंकुशरावांचा माग शेजारीशेजारी. मामांच्या चहाच्या सुट्टीत मी आणि ते बाहेरच्या टपरीवर गेलो. घरात तेलुगू, बाहेर मराठी, मालकाशी हिंदी, आणि मागावर नुसते ओठ, अशा चार भाषा त्यांना येतात. इथल्या माणसांना तिशीतच ओठ वाचता येतात, म्हणाले. चुलीपाशी बायको पुटपुटली तरी कळतं, त्याचा तोटाच जास्त.

मग एकदम गंभीर झाले. ‘‘मॅडम, एक सांगतो. अंकुश मागावर बोलतो. एकटाच. धोट्याकडं बघत. रोज तेच तेच. त्याला वाटतं, एवढ्या आवाजात कोणाला काय कळतं. पण मला दिसतं की.’’

‘‘काय बोलतात?’’ मी अधाशासारखं विचारलं. कादंबरीकाराची जात, दुसरं काय.

मामांनी कप खाली ठेवला. ‘‘ते त्याचं हाय. मी सांगणार नाही.’’ नऊ वर्षं त्यांनी ते पोटात ठेवलं होतं, खुद्द अंकुशरावांनाही कळू न देता. मी मान खाली घातली.

शनिवार, माढ्याच्या अलीकडे

सकाळी अंकुशरावांचा धाकटा भाऊ बाळू जीप घेऊन आला. अंकुशराव, सुमनबाई आणि मी बसलो. वाटेत उसाच्या ट्रॉल्या, त्यांतून पडलेली कांडी, आणि गावागणिक वाढत जाणारा मोकळेपणा. डोंगरानं दर दोन मैलांवर नजर अडवण्याची मला सवय. इथे आभाळ थेट जमिनीला टेकतं, त्यामुळे पहिला तासभर उघड्यावर आल्यासारखं वाटलं.

लोंढ्यांचं शेत पाहून मी हरखले. डोक्याइतकी उंच ज्वारी, कणसं दुधात आलेली. हुबेहूब माझं शेवटचं प्रकरण! बाळूने खड्ड्यात गोवऱ्या पेटवून निखाऱ्यांचा आर पाडला आणि त्यात कणसं खुपसली. भाजलेलं कणीस तळहातावर चोळायचं, फुंकर मारायची आणि हिरवे गरम दाणे गुळाबरोबर किंवा चटणीबरोबर तोंडात टाकायचे. हाच तो हुरडा. हात भाजले, तोंड भाजलं, पण दाढ दुखत असतानाही मी थांबले नाही. मडक्यात शेंगा भाजून करतात त्या आमच्याकडच्या पोपटीची मी बढाई मारली. बाळू म्हणाला, ‘‘त्यात मटन-अंडी घालत असाल, म्हनून गोड लागतंय. हितं नुस्ती जवारी हाय.’’ मी पुढचं कणीस चोळायला घेतलं.

विहिरीवरची मोटार एकसुरी घरघरत होती. तिच्याकडे माझं लक्षही नव्हतं. मी अंकुशरावांना म्हणत होते, ‘‘सांगा आता, इतक्या सुंदर जागी माणसाला झोप का लागू नये?’’

आणि लाईट गेली.

मोटार घुर्रकन थांबली. पाटातलं पाणी थबकलं. असं चिडीचूप झालं की गोवऱ्यांचं तडतडणंही ऐकू येऊ लागलं. मला वाटलं, अहाहा. तेवढ्यात माझा दंड कुणीतरी धरला आणि मी बांधाआड तोंडघशी पडले. चटणीची वाटी अंगावर उपडी झाली.

‘‘खाली ऱ्हावा!’’ अंकुशराव दबक्या आवाजात म्हणाले. त्यांचा एक हात माझ्या पाठीवर होता आणि डोळे ज्वारीच्या आत लागलेले. कपाळावरून घाम ओघळत होता. तो माणूस त्या क्षणी सोलापूर जिल्ह्यात नव्हता.

बाळू जीपकडे धावला आणि त्याने इंजिन चालू केलं. सुमनबाई नवऱ्याच्या शेजारी मातीत बसल्या. ‘‘लाईट गेलीया,’’ त्या म्हणाल्या, ‘‘निस्ती लाईट गेलीया.’’ हे त्या घराला पुरतं अंगवळणी पडलेलं होतं. थोड्या वेळाने अंकुशराव उठले, गुडघे झटकले, आणि माझ्या साडीवरची चटणी पाहून ओशाळले.

‘‘माफ करा मॅडम. पन दावायचं हुतं ते हेच.’’ जीपला टेकून ते बोलू लागले. इंजिन चालूच होतं. ‘‘तुमचा बाळकृष्ण असल्या जागंला झोपला. आमी कवा झोपायचो ठावं हाय? तोफा चालू असल्या की. तोफा चालत्यात तवर कोन चालून येत न्हाय. थांबल्या, की येत्यात.’’

समुद्राची गाज आणि माडांची सळसळ ऐकत मोठी झालेली मी. शांत म्हणजे चांगलं, हे मला कधी तपासून पाहावंसंच वाटलं नव्हतं. इतक्या जवानांच्या घरी जाऊन बसले, पण आपण बसतो ती खोली शांत असावी म्हणून मीच त्यांचे टीव्ही बंद करायला लावत होते. घोडचूक म्हणतात ती हीच. मला लाज वाटली, आणि ती मी त्यांना तिथेच बोलून दाखवली.

‘‘उद्या तुम्ही बोलू नका,’’ मी म्हणाले. ‘‘मी सांभाळून घेते.’’

‘‘न्हाय,’’ ते म्हणाले. ‘‘बोलनार.’’ आणि सुमनबाईंकडे एकदा बघून जीपमध्ये चढले.

रविवार, ग्रंथालय

सकाळी दहाला वाचनकक्ष भरला. लांबलचक लाकडी टेबलं, भोवती खुर्च्या, आणि भिंतीवर मराठी आणि तेलुगूत एकच पाटी: शांतता राखा. रविवारी माग बंद, त्यामुळे बाहेरूनही काही ऐकू येईना. मधल्या टेबलाशी नरसय्यामामा आणि कारखान्यातली दहाबारा माणसं इस्त्रीचे शर्ट घालून बसली होती. सुमनबाई अगदी पुढच्या खुर्चीवर, मुठी आवळून.

मी आटोपतं बोलले. कादंबरीचा शेवट चुकला आहे आणि तो ज्यांनी दाखवून दिला तेच आता बोलतील, एवढं सांगून बसले.

अंकुशराव उभे राहिले. माईक धरला. लोक आदराने गप्प झाले, अगदी गप्प. आणि तोच तर घात होता. त्यांचा गळा हलला, आवाज येईना. नजर दाराकडे गेली. एक पाय मागे सरकला. सुमनबाई अर्ध्या उठल्या. मला त्या शाळेचं फाटक दिसू लागलं. काहीतरी करावं, खुर्ची पाडावी, खोकावं, इतकंही मला सुचेना.

खट्‌खटाक्.

नरसय्यामामांनी टेबलावर तळहात आणि बोटं आपटली होती. खट्‌खटाक्, खट्‌खटाक्. शेजारच्याने साथ धरली, मग त्याच्या शेजारच्याने. बघता बघता सगळं टेबल माग होऊन चालू लागलं. शैलजाबाईंचा हात सवयीने पाटीकडे गेला, तिथेच थांबला, आणि मग त्या स्वतः हजेरीच्या वहीवर ठेका धरू लागल्या.

अंकुशरावांचे खांदे उतरले. डोळे समोरच्या टेबलावर स्थिरावले. ओठ हलू लागले. नुसते ओठ! मागावर बोलायचे तसे. विणकरांच्या चेहऱ्यांवर एकेक रेघ उमटत गेली, कारण त्यांना ते कळत होतं. आम्हा बाकीच्यांना काही नाही.

‘‘अंकुश!’’ मामा ठेका न सोडता ओरडले. ‘‘आवाज काढ! मी नऊ वर्सं बघतोय, मला माहिती हाय. तुझ्या बायकोला ओठ वाचता येत नाही!’’

अंकुशरावांनी चमकून मामांकडे पाहिलं. नऊ वर्षं आपलं बोलणं कुणीतरी धरून ठेवलं होतं, हे त्यांना त्या क्षणी कळलं. मग त्यांनी बायकोकडे पाहिलं, आणि आवाज आला.

‘‘माजा जोडीदार हुता. सदाशिव. साताऱ्याकडचा. च्याचा लई नाद त्येला. दोन दीस तोफा चालल्या हुत्या. मंग थांबल्या. लई शांत झालं.’’

टेबलावर ठेका चालूच होता.

‘‘मीच म्हनलो त्येला. थांबलं रं आता. ऊठ, च्या टाक.’’ त्यांनी श्वास घेतला. ‘‘त्यो उठला. आन गोळी आली.’’

सुमनबाईंच्या तोंडून बारीक हुंदका निघाला. बारा वर्षांचा तो चहा माझ्याही डोळ्यांसमोर उभा राहिला. ‘असा नवरा मिळायला भाग्य लागतं’ म्हणणारी माझी जीभ का झडली नाही, असं वाटलं.

अंकुशराव बोलत राहिले. सदाशिवच्या आईला पत्र कसं लिहिलं, त्यात काय लिहिलं नाही, सुट्टीवर येताना तिच्या गावच्या फाट्यावरून एसटी गेली तेव्हा कसं खाली वाकून बसलो. बोलता बोलता त्यांचा आवाज चढत गेला. आणि मामांनी हळूच हात वर केला. कारखान्यात माग बंद करताना करतात तसा. एकेक हात थांबला. ठेका विरळ झाला आणि संपला.

खोलीत काहीच वाजत नव्हतं.

अंकुशरावांच्या ते लक्षात आलं. शब्द अर्ध्यावर तुटला. त्यांनी दाराकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं. दारातून कुणी आलं नाही. खिडकीत एक चिमणी बसली होती, तीही उडून गेली.

‘‘तर मंग,’’ ते म्हणाले, आणि त्या शांततेतच पुढे बोलू लागले. सदाशिव चहात आलं किती घालायचा ते सांगितलं. त्याच्या एका फजितीवर स्वतः हसले, आणि आम्हाला हसवलं! ते खाली बसले तेव्हा विणकरांनी दोन्ही हातांनी टेबलं अशी बडवली की वरच्या फळीवरचे दोन जाडजूड ग्रंथ खाली आले. मी आयुष्यात पुष्कळ टाळ्या ऐकल्या आहेत, काही माझ्यासाठीही. ह्या आवाजाची सर त्यांना नाही. मी टेबल बडवत उघडपणे रडले.

प्रकाशकांना तिथल्याच जिन्यातून फोन केला. म्हटलं, शेवटचं प्रकरण काढून टाका, नवीन लिहिणार. ते कुरकुरले, पण मी भांडायच्या तयारीनेच आले होते, ती तयारी अखेर तिथे कामाला आली.

रविवार, दुपार

एका भाषणाने माणूस बरा होत नाही. कादंबरीच्या वेळी मनाच्या डॉक्टरांनी ते माझ्याकडून घोकून घेतलं आहे. अंकुशरावही जिना उतरताना म्हणाले, ‘‘आजचं झालं. उद्याचं उद्या बगू.’’

गाडीला अवकाश होता, म्हणून त्यांच्या घरी टेकलो. मामाही आले. सुट्टीमुळे गल्ली शांत होती, फक्त कोपऱ्यातला रेडिओ चालू होता. सुमनबाई भिंतीला टेकून बसल्या, रडून रडून दमलेल्या. अंकुशराव सवयीने चुलीकडे जायला उठले, दोन पावलं गेले, आणि थांबले. मग वळून त्यांनी रेडिओ बंद केला आणि परत येऊन खाली बसले. तीन दिवसांत पहिल्यांदाच त्यांची पाठ बाहेरच्या दाराकडे होती.

‘‘सुमन,’’ ते म्हणाले. ‘‘ऊठ. च्या टाक.’’

एरवी नवऱ्याने असा हुकूम सोडलेला ऐकला तर मी चार शब्द सुनावल्याशिवाय राहत नाही. मी मामांचा हात घट्ट धरला.

सुमनबाई उठल्या. आतल्या खोलीत गेल्या. भांड्याचा आवाज आला, आलं ठेचल्याचा आला. अंकुशराव आतल्या खोलीच्या चौकटीकडे डोळे लावून बसले होते.

आणि सुमनबाई चहा घेऊन बाहेर आल्या.